डाव्या हाताचं पिस्तूल

नाही, ती मोठी पेटी आधी उघडूच नका, बबनराव. तीत काय आहे ते मला ठाऊक आहे. आमच्या थोरल्या दिरांनी, सुंदररावांनी, काल तुम्हाला जेवू घातलं आणि सांगितलं असेल — 'गीताबाईला ती जर्मनची दाखवा, लई रुबाबदार हाय, खुंटीला शोभंल.' असंच ना? हसू नका, मिशीत हसलेलं दिसतं. आणि वहिनीसाहेब वहिनीसाहेब काय लावलंय मघापासून? मी तुमची गिऱ्हाईक आहे. परवाना माझ्या नावावर आहे, निजाम सरकारच्या तालुकदारसाहेबांच्या सहीचा, आणि ज्या दिवशी तो मिळाला त्या दिवशी बीडच्या कचेरीत अर्धे कारकून दौती तशाच टाकून दारात येऊन उभे होते — देशमुखांची विधवा सून, डोक्यावर केस, पायात चपला, आणि मागते काय तर पिस्तूल! एक म्हातारा पेशकार म्हणाला, 'बाई, तुम्हाला पोथीबिथी पाहिजे असेल, खिडकी चुकली.' मी म्हटलं, खिडकी हीच. पोथी तुम्ही वाचा, तुमचं वय झालंय. — साखराबाई, चहा ठेव गं यांना, गुळाचा नको, साखरेचा ठेव, औरंगाबादेहून आलेत.

बरं, उघडा आता. उघडाच. नाकारायची तर हातात घेऊन नाकारते, म्हणजे तिकडे जाऊन तुम्हाला सांगता येईल. ही काय मूठ आहे? खुरप्याचा दांडा आहे नुसता. गोल, गुळगुळीत, खाली फुगलेला. माझी बोटं बघा, पूर्ण वेढा बसत नाही — आणि सगळं वजन पुढे, काडतुसांची पेटी चापाच्याही पुढे, म्हणजे हात लांब केला की नळी आपसूक जमिनीकडे वाकणार. पुरुषाच्या हातात ठीक असेल. ठीक कसली, पुरुषही हिला लाकडी म्यानात अडकवून खांद्याला लावतात, मला माहीत आहे. आणि चाप अडवून धरणारा खटका कुठे? मागे, घोड्याच्या कुशीत. तो हलवायला मूठ सैल करायची, अंगठा उचलायचा, मागे न्यायचा. तोवर समोरचा माणूस तंबाखू मळून, खाऊन, थुंकून मोकळा. पण घराण्याला शोभते! आमच्याकडे हाच हिशेब. तलवार आहे, तिला गंज चढलाय, दसऱ्याला शेंदूर लावतात. हिलाही लावतील. जी वस्तू कुणी वापरणार नाही तिला हे शोभा म्हणतात. ठेवा आत.

आता ही दुसरी. ही दाखवायची गरज नाही, ही मी डोळे मिटून ओळखते. आमच्याकडे हीच होती. राधाकिशनची. — हो, नाव घेते मी नवऱ्याचं. तुमचा चहा सांडला का? दोन वर्षं झाली त्याला जाऊन, विषमज्वरानं नेलं, नाव घेतल्यानं आता त्याचं आयुष्य कमी होणार आहे का? त्यानंच शिकवलं मला. मी पुण्याच्या कॉलेजात शिकलेली, त्याला त्याचं कौतुक, त्याच्या घरच्यांना त्याचा राग. रोज संध्याकाळी ओढ्याच्या घळीत न्यायचा, फुटकी गाडगी मांडायचा ओळीनं आणि म्हणायचा, 'मुठीच्या वर, डाव्या अंगाला हा खटका. वर केला की ते झोपलं, खाली केला की जागं झालं. उजव्या हाताचा अंगठा बरोबर त्यावर बसतो, बघ.' आणि खरंच बसतो. हे बघा, उजव्या हातात धरलं की अंगठा कसा आपोआप तिथं जातो. मूठही चांगली, चपटी, माझ्या तळव्याला पुरणारी. ज्यानं ही बनवली त्याला हात कसा असतो ते माहीत होतं. उजवा हात. त्यानं जगात दुसरा हात असतो हे मात्र धरलंच नव्हतं. — काही नाही, असंच म्हटलं. ही नको मला. कारण काय म्हणता? कारण सांगितलंच पाहिजे का? गिऱ्हाइकाला नको म्हणायला कारण लागतं?

ती तिसरी द्या. ती, कापडात गुंडाळलेली. बेल्जमची ना? मी हिचं छापील वर्णन वाचलंय, मुंबईहून मागवलं होतं. तुम्ही बोलू नका, मीच बोलते. खटका हिलाही आहे, डाव्या अंगालाच, तो सोडून द्या, तो खाली पाडून ठेवला तरी चालतं. कारण हिची खरी अक्कल इथं आहे — मुठीच्या पाठीवर. ही पट्टी. आत दाबली जाते बघा, आणि सोडली की बाहेर. नुसतं उचललं, पडलं, कुणी चापात बोट घातलं — काही होणार नाही. पण माणसानं मूठ आवळली, खरी आवळली, की तळव्यानं पट्टी आत जाते आणि पिस्तूल जागं होतं. अंगठ्यानं काही शोधायचं नाही. भीतीनं थरथरणारा हात दुसरं काही करो न करो, आवळतो तर खरा! आणि पाठ ती पाठ, तिला डावं-उजवं कळत नाही. कोणताही हात चालतो.

का विचारता सारखं, डाव्याचं काय म्हणून? बरं, ऐका. तुम्ही परके आहात, आज आहात उद्या नाही. मी डावरी आहे. जन्माची डावरी. आणि लहानपणी माहेरी आमच्या आत्याबाईंनी माझं हे मनगट लुगड्याच्या काठानं कमरेला बांधून ठेवलं होतं, मी घास उजव्या हातानं घेईपर्यंत. नैवेद्याला डावा हात लागला, बांधा. कुंकू डाव्या हातानं लावलं, बांधा. मी विचारायची, देवानं दोन दिले कशाला मग? तर म्हणायच्या, 'तोंड बी बांधू का?' शेवटी शिकले. उजव्या हातानं जेवते, लिहिते, भाकरी थापते. सासूबाईंना इतक्या वर्षांत पत्ता नाही. राधाकिशनलाही नव्हता, गाडगी मी उजव्या हातानंच फोडायची, आणि बरी फोडायची. मोठी माणसं तुम्हाला सुधारतात ना, ते असं असतं बबनराव — चांगल्या दिवसांत सुधारलेलं राहतं. वाईट वेळ आली की हात आपल्या मूळ घरी जातो.

तशी वेळ आली होती. गेल्या महिन्यात. अर्जात लिहिलंय तेवढंच तुम्हाला माहीत असेल, की घरात चोर शिरला आणि पिस्तूल घेऊन गेला, म्हणून नवं पाहिजे. कडा गावच्या बाजाराचा दिवस होता. दुपार. गल्लीत कुत्रं नव्हतं, सगळे बाजाराला, साखराबाईलाही मीच पाठवलं होतं मिरच्या आणायला. मी माजघरात. पावलं वाजली. मी उशाखालचं पिस्तूल घेतलं — घेतलं म्हणजे काय, मी वळले तेव्हा ते हातात होतं, आणि हात डावा होता! बांधलेला हात. मी त्याला बोलावलं नव्हतं, तोच आला. आता धरून बघा ती दुसरी, डाव्या हातात धरा. अंगठा कुठे गेला? पलीकडे. उजव्या अंगाला, जिथं नुसतं लोखंड आहे. मी घासतेय अंगठा, घासतेय, खटका सापडतच नाही, तो या बाजूला झोपलाय निवांत. मी ओढला चाप. दगड ओढावा तसा. पुन्हा ओढला. आणि तो हसला. 'गीताबाई, खुळखुळा हाय का त्यो? आन इकडं.' आणि लहान पोराच्या हातून काढून घ्यावा तसा काढून घेतला, माझं बोट चापातच होतं, हे नख तेव्हा निघालेलं —

असे काय बघता?

हो. चोराला माझं नाव माहीत होतं. चहा प्या तुमचा, निवला.

प्या म्हटलं ना. आता बोललेच आहे तर पुरतं ऐका, अर्धवट ऐकलेलं माणूस वाकडं सांगतं. सुंदरराव होते. तुमचे कालचे यजमान. दारात दमणी उभी होती, बैल जुंपलेले, माझी ट्रंक आधीच वर चढवलेली. माझी! माझ्या कपड्यांची! म्हणे, 'नगरला तुज्या बापाच्या दारात सोडतो, आन परत तोंड दाखवू नगं. यकट्या बाईनं मळा राखायचा नस्तो.' राधाकिशन असतानाच वाटण्या झाल्या होत्या, विहिरीकडचा मळा आणि हे घर आमच्या वाट्याला. पण बाई आपल्या पायानं माहेरी गेली, घर टाकून गेली, असं गावात झालं की पुढचं सोपं असतं. कोण बघायला येतंय पाय कुणाचे होते ते? मनगट धरलं त्यांनी. हेच, डावं. आत्याबाईंची आठवण झाली मला, खोटं नाही सांगत. मी उंबऱ्यात बसले. फतकल मारून बसले आणि ओरडले, पुण्यात कॉलेजात शिकून आलेली मी, साळुंकीसारखी किंचाळले, आणि तेवढ्यात वेशीतून बाजारची पहिली गाडी आली म्हणून — ट्रंक रस्त्यात फेकून दमणी गेली. पिस्तूलही गेलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या समजवायला. काय म्हणाल्या असतील? 'मोठ्या मानसाला उलट बोलू न्हाई, बाळा.' उलट बोलू न्हाई! मी त्यांच्या मुलावर पिस्तूल रोखलं होतं, आणि यांना माझ्या बोलण्याचं पडलंय!

आणि गंमत सांगू? त्यांनाही माहीत नव्हतं. सुंदररावांनी सांगितलंच नाही कुणाला, मी चाप ओढला म्हणून. आईला नाही, बायकोला नाही, पाटलाला नाही. कसं सांगणार? मग भरदुपारी धाकट्या भावजयीच्या माजघरात काय करत होतात, हेही सांगावं लागलं असतं. ते घरात शिरले हे मी सांगितलं नाही, मी चाप ओढला हे त्यांनी. म्हणून अर्जात चोर.

झालं? आता ती बेल्जमची इकडे द्या. घ्यायच्या आधी बघून घेणार मी. पेटी काढली, वरचा भाग मागे ओढला, आत बघा, नळी रिकामी, तुम्हीही बघा. आता ही पेन्सिल. कॉलेजातली सवय आहे, केसांत खोवलेली असते, सासूबाई म्हणतात अवलक्षण आहे. रबराची बाजू आधी, अशी नळीत सोडायची, तोंड वर धरायचं आणि चाप ओढायचा. आतली सुई, जी काडतुसाच्या बुडाला टोचते, ती रबरावर आपटते आणि पेन्सिल वर उडते. राधाकिशन असाच बघायचा, काडतूस फुकट जात नाही. — काय? नाही ओढला जाणार? ते माहीत आहे मला, हिच्यात रिकामी का होईना पेटी घातल्याशिवाय चाप पडत नाही, वाचलंय म्हटलं ना. घातली. बसली. मूठ डाव्या हातात — आवळली — पट्टी आत —

पडला चाप. आवाज झाला.

पेन्सिल का नाही उडाली, बबनराव?

थांबा, पुन्हा. वरचा भाग ओढून, पेन्सिल टाकून. आवळली. ओढला. — खट्. आणि पेन्सिल आहे तिथंच. जरा हललीसुद्धा नाही. आता ती दुसरी द्या, राधाकिशनसारखी. द्या हो, घाम कशाला पुसता, पंखा हलवायला सांगू का? रिकामी आहे, बघितली. पेन्सिल टाकली. उजव्या हातानं, खटका खाली — ही बघा! आढ्याला लागली! साखराबाई, ती पेन्सिल उचल गं, भिऊ नको, पेन्सिल आहे नुसती.

हात मागे घ्या. मी उघडते ती, तुम्ही नका उघडू. पुढचं टोपण फिरवलं, स्प्रिंग निघाली, वरचा भाग सरकवला पुढे... ही आली सुई. बघा हिचं टोक. बोट लावून बघा. कानस मारलेली आहे. बोथट, आणि चकचकीत अजून, तेलाचा डागसुद्धा चढलेला नाही. बेल्जमहून असं येतं का? तीन पिस्तुलं आणलीत. त्यातली एक चालते, हे मी पाहिलं. त्या जर्मन धुडाचीही सुई ठणठणीत असणार, पैज लावते. आणि नेमकी हीच मेलेली. कुणी सांगितलं तुम्हाला की मी हीच घेणार? मी सांगितलं नव्हतं. अर्जात नाही. सासूबाईंना माहीत नाही, साखराबाईला आत्ता कळलं की मी डावरी आहे. या गावात एकाच माणसानं माझा डावा हात बघितलाय, आणि तो झोपलेल्या खटक्याकडे बघून हसला होता.

म्हणजे ते जर्मनचं धूड आधी काढायचं, ते मी नाकारावं म्हणूनच. आणि मी भाषण ठोकत बसले! खुरप्याचा दांडा काय, दसऱ्याचा शेंदूर काय. तुम्ही मिशीत हसत होतात ते याच्यासाठी. बरं केलंत. मला वाटत होतं मोठ्या माणसांना डोकं नसतं, सुंदररावांना आहे. तेवढं त्यांना सांगा माझ्याकडून, एवढी स्तुती मी त्यांची आजवर केली नव्हती.

पण कळलं का तुम्हाला काय झालंय ते? तुम्ही रडायच्या बेतात आहात, आणि मला — मला लई बरं वाटतंय! भ्यालाय त्यो. मला मेलेलं पिस्तूल देऊन उद्या पुन्हा दमणी जुंपायची होती, म्हणजे जिवंत पिस्तुलाच्या दारात दमणी आणायची छाती न्हाई त्याची. महिनाभर मी रात्री कडी तपासायला उठत होते, आणि हा तिकडं कानस लावत होता! तुमच्याकडून लावून घेत होता.

तुमच्यावर रागावू का? रागावलेच आहे, पण ते नंतर. त्या पत्र्याच्या डबीत सुट्या सुया असतात, मला दिसतेय. काढा एक. बसवा. तुमच्याच हातानं बसवा, आणि मी बघते. नाही म्हणून बघा, मग मी तालुकदारसाहेबांना ही घासलेली सुई पाकिटात घालून पाठवते, आणि विचारते की परवानाधारकाला असा माल विकणाऱ्याचा परवाना कुणी दिलाय. मग औरंगाबादेत दुकान राहतं का बघा. — सावकाश. स्प्रिंग उडेल. हं. टोपण फिरवा. तेल लावा थोडं. आता द्या.

पेन्सिल. मूठ. आवळली...

गेली कौलात! राहू दे तिथंच.

हेच घेते मी. पैसे ठरले तेच, एक कवडी कमी नाही, मी काही चोर नव्हे. उरलेली आवरा.

आता तुम्ही तिकडे जाणार. काय सांगायचं ते विचारता? तुमच्या तोंडावर लिहिलंय, की झालं गेलं कुणाला न सांगता दोघांनी गप्प बसावं, थोरल्यांना वाटू द्यावं की माल बोथटच गेला. मलाही आत्ता तेच सुचलं होतं. वाटू दे त्याला. येऊ दे दमणी घेऊन, हसत. या खेपेला अंगठ्यानं काही शोधायचं नाही.

पण मग तो येईलच, बबनराव. आणि मग मला ओढावाच लागेल. त्या दिवशी मी ओढला तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. नंतर होता. पुष्कळ होता. खटका सापडला असता तर त्या उंबऱ्यात काय पडलं असतं, ते मी रोज झाडू मारताना बघते. कुणाला सांगितलं नाही हे. राधाकिशनचा भाऊ आहे तो, मागून पाहिलं तर चालही तीच आहे. मला त्याला मारायचं नाही हो. मला इथं राहायचंय. माझ्या मळ्यात, माझ्या घरात, ओरडल्याशिवाय, उंबऱ्यात बसल्याशिवाय. त्याला भीती आहे ती तशीच राहिली पाहिजे, म्हणजे ही पट्टी मला कधी आवळावी लागणार नाही.

तेव्हा खरं सांगायचं. सगळं. 'सुई मी घासली होती, तिनं ओळखली, माझ्याच हातानं बदलून घेतली, आता चालते, आणि डाव्या हातात चालते.' कुणाच्या सांगण्यावरून घासली तेही. आत कोपऱ्यात नेऊन कुजबुजायचं नाही — आत्ता मंडळी पारावर बसली असतील सगळी, सुंदरराव मधोमध. तिथं उभं राहून सांगायचं. भीती वाटते? वाटू द्या, मलाही महिनाभर वाटत होती, मेले नाही. आणि तुम्ही सांगितलं नाहीत तर मी येऊन सांगेन, मग त्यात तुमचं नाव आधी येईल.

उठा. पेट्या तिथंच राहू देत, साखराबाई आणून देईल मागाहून, हात मोकळे ठेवून जा. आणि बबनराव — मोठ्यानं सांगा. आमचे चुलत सासरे, आप्पा, तिथं बसलेले असतात, गावाचा न्याय तेच करतात, आणि त्यांना बायकांचं काही ऐकू येत नाही. पुरुष ओरडला तर येतं.

जा.